बसऱ्याहून यायला किती वेळ लागतो

दादा गेला त्याला सव्वा महिना होऊन गेला. भेटायला येणारे आता कमी झाले आहेत. जे येतात ते त्याच्याविषयी चांगलेच बोलतात. शांत होता म्हणतात, कुणाच्या अध्यातमध्यात नसायचा म्हणतात. खोटे नाही. पण माणूस गेला की लोक आधी त्याच्यातले हसू काढून ठेवतात आणि उरलेल्याची स्तुती करतात, असे मला या दिवसांत फार वाटले. माझा दादा आमच्या रेल्वे वसाहतीतून विमानात बसलेला पहिला माणूस. त्या विमानाला मुंबईहून बसऱ्याला जायला किती वेळ लागतो आणि बसऱ्याहून मुंबईला यायला किती, यावरून आमच्या घरात एक अख्खा उन्हाळा वाद चालला होता. ते कुणी बोलत नाही. त्यांना ठाऊकही नाही. ठाऊक असलेल्यांत आता मी आणि माझे यजमान एवढेच उरलो. यजमानांचा त्या वादाशी संबंध कानापुरताच आहे. तो पुढे येईल.

बाबा पूर्णा जंक्शनवर तारबाबू होते. स्टेशनाच्या मागे आम्हाला दोन खोल्यांचे क्वार्टर होते. घरातले सगळे बोलणे गाडीच्या शिट्टीसाठी मध्येच थांबायचे आणि गाडी गेली की त्याच शब्दापासून पुढे सुरू व्हायचे. बाबा अंतर मैलांत सांगत नसत, वेळेत सांगत. परभणी किती लांब विचारले तर म्हणत, "मिरखेल, पिंगळी आणि परभणी. गाडी वक्तावर असली तर तासाभराची बात."

मायचे माप निराळे होते. आईला आम्ही माय म्हणत असू. ती पिंगळीजवळच्या एका खेड्यातली, शेतकऱ्याची लेक. ती अंतर शिदोरीत मोजायची. परभणीला शिदोरी लागत नाही, म्हणजे परभणी जवळ. औरंगाबाद एका वेळच्या शिदोरीचे, हैदराबाद दोन वेळच्या. मुंबईही दोन वेळचीच, पण वर मूठभर शेंगा, कारण मनमाडला गाडी बदलायची आणि तिथे किती बसून राहावे लागेल याचा नेम नाही.

आपला जिल्हा मुंबई राज्यात गेला त्या सुमाराची ही गोष्ट. दादाचे सगळे शिक्षण उर्दूत झालेले. हैदराबादच्या राज्यात शाळा उर्दूच असायची. राज्य गेले, कचेऱ्यांतले कागद पालटले, आणि दादाचे सुंदर वळणदार उर्दू अक्षर बघायलाही कुणी उरले नाही. मराठी दरखास्त लिहायला बसला की तो माझ्याकडे यायचा आणि 'विनंती'तली पहिली वेलांटी कुठली ते विचारायचा. मी त्याच्यापेक्षा बरीच लहान. मी पुस्तकातून डोके न काढता सांगायची आणि तो म्हणायचा, "तू सांगतीस असं, जसं काय भाषा तुझ्या सासऱ्याची हाय."

अशात त्याच्या एका मित्राने मुंबईहून निरोप धाडला की बसऱ्याच्या बंदरावर कारकून हवे आहेत, आणि अरबी लिपी वाचता येणाऱ्याला आधी घेतात. जिच्यापायी इथे त्याला कुणी विचारीना, तीच लिपी तिथे कामाला येणार होती. दादा मुंबईला जाऊन भेटून आला. येताना विमानाच्या वेळांचा एक घडीचा कागद घेऊन आला. घोळ त्या कागदाने केला.

मायला बसरा ठाऊक होते. तिच्या नथीतले मोती बसऱ्याचे आहेत, असे तिला तिच्या आजीने सांगितले होते. तिची एकच अट होती. माझे लग्न ठरल्यासारखे होते. देवगाव फाट्याजवळच्या एका गावातला, शाळेत शिकवणारा मुलगा होता, आणि पुढच्या वर्षी लग्न करायचे घाटत होते. आमच्याकडे लाजाहोमाच्या वेळी नवरीचा भाऊ तिच्या ओंजळीत लाह्या घालतो आणि नवरदेवाचा कान पिळतो. बहिणीला नीट वागव, मागे मी आहे, एवढे त्यातून सांगायचे असते. मायला मुलगा एकच. आपल्या लेकीच्या लग्नात दुसऱ्या कुणाच्या तरी मुलाने कान पिळावा, हे तिला सहन होणारे नव्हते.

"तू जा," ती दादाला म्हणाली, "पर लग्नाला आलास पायजे. बोलावलं की किती येळात येतूस, ते आधी सांग."

दादाने तो कागद बाबांच्या पुढे धरला. वेळापत्रक वाचायचे तर ते बाबांनीच, असा आमच्या घरचा कायदा होता. बाबांनी चष्मा पुसला, कागद कंदिलाजवळ नेला, आणि ज्या गंभीरपणे ते मनमाड पॅसेंजरची वेळ सांगत त्याच गंभीरपणे म्हणाले, "मुंबईहून सकाळी आठला सुटतं. बसऱ्याला दुपारी अडीचला. साडेसहा तास."

"मनमाडपेक्षा जवळ हाय की!" माय खूश झाली. "आन् येताना?"

बाबांनी कागद उलटला. पुन्हा सुलटा केला. पुन्हा उलटला.

"बसऱ्याहून सकाळी आठला सुटतं," ते म्हणाले, "आणि मुंबईला संध्याकाळी साडेसातला येतं."

"म्हंजी किती?"

"साडेअकरा."

बाहेर एक मालगाडी शंटिंग करत होती, तिचे डबे एकमेकांवर आपटल्याचा आवाज तेवढा आला.

"छापण्यात चूक असंल," दादा म्हणाला.

"वेळापत्रकात चूक नसते," बाबा म्हणाले. मग त्यांना उत्तर सापडले. "चढण असणार. आपल्या घाटात गाडी उतरताना लवकर उतरते आणि चढताना दम खाते. तसं बसऱ्याकडं उतार असणार."

"आभाळात उतार?" मी विचारले.

"तू गेलीस का कधी वर?"

मी गेले नव्हते. बाबाही गेले नव्हते, पण रेल्वेत त्यांची बरीच वर्षे झाली होती, म्हणून त्यांचे खरे धरले गेले.

मायने मात्र उताराचा विचार केला नाही. तिला त्यातून वेगळेच दिसले. ती चुलीपुढे बसून म्हणाली, "जाताना चट ओढून घेतंय आन् येताना सोडत न्हाई, असलं गाव हाय ते. आमी न्हाई धाडत."

खरे काय होते ते मला कळत होते, कारण भूगोलाच्या पुस्तकात रेखांशाचा धडा होता आणि मी तो आवडीने वाचला होता. रेल्वेच्या घरात वाढलेल्या माणसांना तो धडा कळणे अवघड, हे माझ्या नंतर लक्षात आले. आमच्या लाइनीवर सगळ्या स्टेशनांचे घड्याळ एक. रोज सकाळी तारेवरून वेळ यायची आणि मनमाडपासून हैदराबादपर्यंतचे सगळे बाबू आपापल्या घड्याळाचे काटे तिच्याशी मिळवून घ्यायचे. एकाच कागदावर छापलेल्या दोन गावांची घड्याळे वेगवेगळी असू शकतात, हे बाबांच्या मनाला शिवणेच शक्य नव्हते. असा कारभार त्यांनी चालू दिला नसता.

मी एक कांदा घेतला. त्याला एका बाजूला एक लवंग टोचली, ती मुंबई. थोडी अलीकडे दुसरी टोचली, ती बसरा. कंदील म्हणजे सूर्य. मी कांदा हळूहळू फिरवू लागले.

"लवंगा महाग हायत," माय म्हणाली.

"बघ तर खरं. आधी मुंबईवर ऊन आलं. बसरा अजून अंधारात हाय. आता आलं बसऱ्यावर. अडीच तास उशिरा. म्हंजी आपल्याकडे पाच वाजले की तिथं अडीच. कागदावर ज्या गावाची वेळ त्या गावाच्या घड्याळाची हाय. विमानाला जाताना नऊ तास लागतात आणि येतानाबी नऊच."

दादा हसायला लागला. त्याला पटले होते. बाबांनी कांदा हातात घेऊन चारी बाजूंनी पाहिला.

"म्हणजे बसऱ्याचा स्टेशनमास्तर आपल्या मनाची वेळ लावतो?"

"सूर्याची लावतो, बाबा."

"आणि वरचे साहेब त्याला काही बोलत नाहीत?"

मायने एवढेच धरले की आपल्याकडे उजाडते तेव्हा तिथे अंधार असतो. "मंग माझं पोरगं अंधारात उठणार?" एवढे म्हणून तिने कांदा माझ्या हातून काढून घेतला, लवंगा उपटून डब्यात टाकल्या आणि कांदा भाजीत चिरला.

हे असेच चालू राहिले. बाबा साडेअकरावर, मी नऊवर, माय नकारावर. शेजारणींपर्यंत गोष्ट गेली. दादा नळावर पाणी भरायला गेला की कुणीतरी विचारायचे, "काय रे बसरा, चढाण लागलं का?" त्याचे नावच बसरा पडले. असल्या गोष्टी त्याला लागत नसत. तो भरलेली घागर खांद्यावर घेऊन मुद्दाम धापा टाकत घराकडे चालायचा.

शेवटी मायने हो म्हटले. पटले म्हणून नाही. दिवसभर घरी बसून उर्दू वर्तमानपत्राचे जुने अंक वाचणारा तरणाताठा मुलगा तिला बघवेना म्हणून. पण तिने अट घातली. बाबांनी मॅट्रिकच्या वेळी दिलेले मनगटी घड्याळ त्याच्याकडे होते. ती म्हणाली, "ह्याचे काटे हलवायचे न्हाईत. पूर्णेचीच येळ ठेवायची. मी भाकर खायलेय तवा तुझ्याबी घड्याळात तेच वाजलं पायजे. मला हितं बसून कळंल तू काय करायलास ते."

बाबांना हे फार योग्य वाटले. "लाइनीवर घड्याळ एकच पाहिजे," ते म्हणाले.

शिदोरीचा प्रश्न उरला. विमानात जेवण देतात, असे दादाने सांगून पाहिले. "कोण रांधतंय?" एवढेच मायने विचारले. मग तिने आगगाडीची शिदोरी वेगळ्या फडक्यात बांधली आणि विमानाची वेगळ्या. विमानाची तिने बाबांच्या साडेसहा तासांच्या हिशेबाने केली: एका वेळच्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी.

दादाचे पहिले पत्र आले ते मीच सगळ्यांना वाचून दाखवले. विमान कसे होते, समुद्र कसा दिसला, हे त्याने दोन ओळींत उरकले होते. खरा मजकूर शिदोरीचा होता. दशम्या विमानात बसल्यावर थोड्या वेळाने खाल्ल्या. नंतर तिथल्या बाईने ताट आणले, पण त्यात काय आहे ते विचारायचे कसे हे सुचेना म्हणून परत दिले. मग भूक लागली. मग खूप भूक लागली. घड्याळात पाच वाजले तेव्हा बसऱ्याला उतरलो, आणि तिथल्या भिंतीवर अडीच वाजलेले होते. भिंतीवर अडीच होते तरी पोटात पाचच होते, माय.

मायने पत्र संपेपर्यंत काम थांबवले होते. ती बाबांकडे वळली.

"अवं, तेवढ्या दशम्या खाऊन साडेसहा तासांत भुकेजायचा न्हाई त्यो. त्याचं पोट मला ठावं हाय. नऊ तास झाले ते."

रेखांश कांद्याने सिद्ध झाले नाहीत ते दशमीने झाले. बाबांनी त्या दिवशी काही कबूल केले नाही. दुसऱ्या दिवशी मात्र ड्यूटीवरून आल्यावर त्यांनी मला हळूच विचारले, "मग लंडनात आता किती वाजले असतील?"

घड्याळाची अट दादाने पाळली. पत्रांतून कळत गेले ते असे की पूर्णेच्या वेळेने जेवायचा म्हणून भर सकाळी कचेरीत डबा उघडायचा, आणि पहिल्या दिवशी तर कचेरीचे दार उघडायच्या कितीतरी आधी जाऊन पायरीवर बसला होता. साहेबाला वाटले, फार कामसू माणूस मिळाला. तो समज दादाने कधी दूर केला नाही.

पुढच्या उन्हाळ्यात माझ्या लग्नाची तिथी ठरली. मुहूर्त गोरज, म्हणजे दिवस मावळतानाचा. दादाला रजा मिळाली. तो आदल्या दिवशीच घरी येणार होता, पण त्याचे विमान सुटायच्या दिवशी बाबा तारेवर बसले असताना त्यांच्याच नावाची तार आली. एकेक अक्षर त्यांनी स्वतःच्या हाताने उतरवून घेतले: वाळूचे वादळ, विमान उद्या. तार घेणारे तेच आणि तार मिळणारेही तेच. दोन्हीकडे सही करून ते घरी आले आणि कागद मायच्या हातात दिला. तिला वाचता येत नव्हते, पण बाबांचा चेहरा वाचता येत होता.

"आता?"

"उद्या संध्याकाळी मुंबईला उतरला तर परवा दुपारच्या गाडीने इथं. मुहूर्ताच्या आधी पोचतो."

"नऊ तासच ना?"

"नऊच," बाबा म्हणाले. ते नऊ म्हणाले ते पहिल्यांदाच.

लग्नाच्या दिवशी दुपारची गाडी आली नाही. बाबांनी फेटा बांधलेला, अंगात नवा कोट, आणि तसेच ते स्टेशनात जाऊन बसले. मांडव क्वार्टरांच्या मधल्या मोकळ्या जागेत घातला होता, तिथून स्टेशनाची खिडकी दिसायची. बाबा फोन कानाला लावून बसलेले होते. मिरखेलजवळ मालगाडीचे इंजिन बंद पडले होते आणि मागची पॅसेंजर पिंगळीला उभी करून ठेवली होती. पिंगळीचे बाबू बाबांचे जुने दोस्त. त्यांनी प्लॅटफॉर्मवर दादाला पाहिले होते. ते फोनवर म्हणाले, "फिकीर करू नका, तुमचा बसरा इथं पिंगळीत बसलाय!"

बाबांनी हा विनोद मांडवात येऊन सांगितला. सगळे हसले. हसले नाहीत ते बाबा. बसऱ्याहून मुंबईपर्यंत कुणी अडवले नाही, आणि त्यांच्याच लाइनीवर, त्यांच्यापासून दुसऱ्याच स्टेशनात मुलगा अडकून पडला, हे त्यांच्या जिवाला फार लागले होते.

मुहूर्त काही कुणासाठी थांबत नाही. दिवस मावळला, अक्षता पडल्या. अंतरपाट दूर झाला तेव्हा माझ्या यजमानांना मी पहिल्यांदा समोर पाहिले, आणि खरे सांगायचे तर माझे लक्ष स्टेशनाच्या सिग्नलकडे होते. हे त्यांनी मला पुढे पुष्कळदा ऐकवले आहे.

लाजाहोमाची वेळ झाली. भटजींनी हाक दिली, "मुलीचा भाऊ कुठे आहे? भावाला बोलवा."

चुलत्यांचा मुलगा पुढे आला. चांगला मुलगा होता. त्याने लाह्यांच्या सुपाला हात घातला आणि मायने त्याचा हात धरला.

"थांब रं बाबा. निघालाय त्यो."

"वहिनी, पिंगळीत हाय त्यो," कुणीतरी म्हणाले.

"पिंगळी काय लय लांब हाय का?"

वरपक्षाकडून कुरकूर सुरू झाली. जेवणे निवत होती. भटजी म्हणाले, भाऊ नसला तर चुलत भाऊ चालतो, शास्त्राला मान्य आहे. मायने हात सोडला नाही. तिची नथ तेवढी हलत होती. तिने वर्षभरापूर्वी मुलाला एकाच गोष्टीच्या भरवशावर सोडले होते, आणि ती गोष्ट आता एका सुपावर येऊन थांबली होती.

तेव्हा माझे यजमान पहिल्यांदा बोलले. "थांबू की," ते भटजींना म्हणाले. "कान माझा आहे. मला काही घाई नाही."

मांडवात हशा पिकला. त्यात कुरकूर बुडून गेली. मायने त्यांच्याकडे असे पाहिले, की त्यानंतर आमच्या घरात जावयाविरुद्ध कधी कुणाचे काही चालले नाही. माझेही नाही.

मग गाडीची शिट्टी झाली. तिकडून दादा पळत आला. पायांत विलायती विजार, हातात बॅग, केसांत बसऱ्याची वाळू की पिंगळीची धूळ ते कळायला मार्ग नव्हता. मागून बाबा फेटा सावरत. दादाने हातपाय धुतले, माझ्या ओंजळीत लाह्या घातल्या, आणि नवरदेवाचा कान धरला. पिंगळीत बसून बसून साठलेला सगळा राग त्या पिळण्यात होता. यजमान "अगं आई" म्हणाले, ते सुद्धा मंत्र चालू असताना.

हे सगळे झाल्यावर, पंगत बसण्याच्या आधी, मायने दादाला विचारले, "किती लागले?"

दादाने मनगटावर पाहिले. काटे पूर्णेचेच होते. "बसऱ्याहून मुंबई नऊ तास. मुंबईहून इथवर..." तो बाबांकडे बघून थांबला.

"सांग की."

"त्याच्या दुप्पट आन् वर."

मायने बोटांवर हिशेब केला. मग समाधानाने म्हणाली, "म्हंजी बसरा जवळच हाय. पूर्णाच लांब हाय."

त्यानंतर दादा बसऱ्याला परत जायला निघताना तिने एकदाही काही विचारले नाही.

गेल्या महिन्यात दादा गेला तो पुण्याला, मुलाच्या घरी. पहाटे फोन आला. आम्ही इथून निघालो आणि गाडी नेहमीप्रमाणे वाटेत उभी राहिली. मी भाच्याला फोनवर म्हणाले की तुम्ही पुढचे उरकून घ्या, आमचे काही खरे नाही. तो म्हणाला, "आत्या, थांबतो आम्ही. घाई नाही."

मी ते यजमानांना सांगितले. ते खिडकीबाहेर पाहत राहिले. बऱ्याच वेळाने माझ्या लक्षात आले की त्यांनी हाताने आपला उजवा कान धरून ठेवला होता. मी म्हटले, "डावा होता." ते म्हणाले, "तुझं लक्ष सिग्नलकडे होतं. उजवा."

गाडी हलेपर्यंत त्यांनी तो सोडला नाही.